चिठ्ठीची खालची ओळ

दुकानात चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "गजू, दादाचा एखादा सांग ना!" दादाला जाऊन दोन महिने झाले. किस्से मात्र रिपेअरिंगच्या मोबाइलसारखे साचतच चाललेत.

दादा, माझा थोरला भाऊ, वाशीमला इंजिनीअरिंगच्या पोरांना सस्टेनेबिलिटी शिकवायचा. म्हणायचा, "फेकायच्या आधी उघडून पाहा, झाला विषय!" मी आठवी नापास. मंगरूळपीरला स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान.

पहिल्या तासाला दादानं विचारलं, "घरी बंद पडलेलं काय काय आहे?"

"मिक्सर, टॉर्च..."

मागून एकजण, "अन् आमचा आजा!"

"तो चालू आहे बे. तुमीच ऐकून नाही राह्यले!"

*

नवं बनवायचं नाही, जुनं वाचवायचं, हा दादाचा नियम. एका पोरानं बाजारातून कोरा स्पीकर आणला आणि म्हणाला, "सर, जुना होता, सुधरवला." दादानं उघडून आत पाहिलं.

"एक मेलेलं झुरळ नाही. जुना कसा?"

*

एकदा अख्खा वर्ग माझ्या दुकानात! "हे गजानन सर," दादा म्हणाला.

मला घाम फुटला. "दादा, कायले मजाक करून राह्यला!"

"मी फेकू नका म्हणून नुसतं सांगतो. यानं आजवर काही फेकलंच नाही." मग दुकानभर नजर फिरवून, "झाडलंही नाही!"

*

दुरुस्ती झाली की झाकणाच्या आत चिठ्ठी लावायची. वर आपलं नाव, काय बदललं ते. खालची ओळ, 'पुढचा दुरुस्त करणारा', कोरी सोडायची. एकानं तिथंही स्वतःचंच नाव टाकलं.

"काहून रे, अमर आहे का तू?"

सगळे हसले. दादा सगळ्यांत जास्त.

*

दादा गेला आणि कॉलेजनं त्याचा शनिवारचा तास बंद करायचं ठरवलं. शिकवणार कोण? मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तसाच प्राचार्यांसमोर उभा.

"शिक्षण?"

"आठवी नापास!" ओरडलोच मी.

दारातून प्रतीक्षा नावाची दादाची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सोल्डरिंग आमी यांच्याकडूनच शिकलो."

"बरं. एक शनिवार. बघू," प्राचार्य म्हणाले.

शनिवारी वर्गासमोर उभा राहिलो. प्रतीक्षानं लॅबमधला टेबलफॅन समोर ठेवला. "हा सरांनी सुधरवला होता. परत बंद पडला."

मी खालचं झाकण काढलं. आत चिठ्ठी, दादाचं अक्षर. त्याचं नाव. कपॅसिटर बदलला.

खालची ओळ कोरी नव्हती.

'गजानन सर.'

पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काय पाहून राह्यले? वह्या काढा!"