आबांच्या जीपचं बेअरिंग

वडिलांना सांगलीला आणायचंच, असं ठरवून मी त्या रविवारी सकाळी कडेगावची वाट धरली. मित्राची गाडी मागून घेतली होती. आमच्या दोन खोल्यांतली एक बायकोनं आवरून ठेवली होती. आई गेल्यापासून आबा मळ्यातल्या घरात एकटेच राहतात. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले आणि दीड तास तसेच पडून राहिले. शेजारी राहणारी चुलती भाकरी द्यायला आली, तेव्हा तिला ते दिसले. तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चुलतीनंच मला फोन केला होता, की बाबा, ह्यास्नी घेऊन जा, माजा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.

आबा फौजेत गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होते. परत आल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि आयुष्यभर तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही. ती जीप महिनाभर मळ्यात उभी होती. क्लच दाबला की आतून किंचाळायची आणि गिअर काही पडायचा नाही. मी आलो तेव्हा आबा तिच्याच मडगार्डाला टेकून चहा पीत होते. मी बॅग भरायचं काढलं, तसे म्हणाले, "येतो की. पर जीप अशी मोडकी टाकून येणार न्हाई. आन आज ती माज्याच्यानं नीट झाली, तर मग मला न्यायचं कारण काय ऱ्हातंय, तूच सांग."

"आबा, हात वर जात न्हाई तुमचा."

"हात तुजे, डोस्कं माजं. दिवस मावळायच्या आत. घरात हाय त्यातच भागवायचं, भाईरनं काय आणायचं न्हाई. न्हाई जमलं तर गुमान तुज्या गाडीत बसतो."

मी लगेच हो म्हणालो. मी भोळेपणानं हो म्हणालो असं कुणाला वाटू नये. बावीस वर्षं मी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर उभा आहे. आवाजावरूनच मला कळलं होतं, की पायलट बेअरिंग गेलंय. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं, त्याच्या बरोबर मध्यभागी एक खोल भोक असतं आणि त्या भोकात हे छोटं बेअरिंग ठोकून बसवलेलं असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्याच्यात फिरतं. मागून हात घालायला जागा नाही, पुढून धरायला कड नाही. आतून पकडून ओढणारा पुलर असला तरच ते निघतं, आणि तो पुलर कुपवाडला माझ्या कपाटात कुलपात होता. पैज मी तिथंच जिंकलो होतो. बायकोलाही फोन करून तसं सांगून टाकलं.

जीप ढकलत नेऊन कोरड्या पाटावर आडवी उभी केली, दोन चाकं अलीकडे, दोन पलीकडे. पाटात पाठ टेकून झोपलं की गाडीखाली काम करायला ऐसपैस जागा होते. आबांची ही पद्धत माझ्या लहानपणापासूनची. ते पाटाच्या कडेला पोतं टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. हा बोल्ट आधी, तो नंतर. जॅक थोडा उतरव. गिअरबॉक्स घड्या घातलेल्या पोत्यांवर खाली घेईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. मग क्लचप्लेट सोडली आणि ते बेअरिंग दिसलं. काळं पडलेलं, गंजानं जागच्या जागी धरलेलं. बोटानं फिरवलं तर खरखर वाजायचं, पण हलायचं नाव नाही. जुनं कुरकुरायला लागलं तेव्हा, दिवाळीत, नवं बेअरिंग मीच आणून दिलं होतं. आबांनी ते त्यांच्या औषधांच्या डब्यात जपून ठेवलं होतं.

"आता ग्रीस," आबा म्हणाले.

ही युक्ती मलाही ठाऊक होती. बेअरिंगच्या मागची पोकळी ग्रीसनं ठासून भरायची. बेअरिंगच्या भोकात नेमका बसणारा एक दांडा घ्यायचा आणि तो हातोड्यानं आत हाणायचा. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते, म्हणून ते मागून बेअरिंगला बाहेर ढकलतं. आबांनी हत्यारांच्या खोक्यातून जुन्या शाफ्टचा एक तुकडा काढून दिला. तो भोकात असा बसला, की मीसुद्धा लेथवर याहून नेमका काढला नसता. मी ग्रीस भरलं, ठोके घातले. बेअरिंगमधल्या झिजलेल्या गोळ्यांच्या फटींतून ग्रीस पिचकारीसारखं उडून माझ्या तोंडावर आलं आणि बेअरिंग होतं तिथंच राहिलं. तीनदा भरलं, तीनदा तेच झालं.

खरं सांगायचं तर ते ठोके मी मन लावून मारतच नव्हतो. कशाला मारू? दिवस मावळेपर्यंत असंच चाललं असतं तर मला हवंच होतं. पण फौजेतल्या माणसाला हातोड्याच्या आवाजावरून सगळं कळतं.

"कारखान्यात असंच काम करतोस व्हय रं?" आबा वरून म्हणाले. "आन त्ये पगार देत्यात तुला?"

मला राग आला. बावीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही. त्यानंतरचा ठोका असा बसला, की सगळी जीप हादरली. तरी बेअरिंगनं दाद दिली नाही.

आबांनी पाटात वाकून बघितलं. मग म्हणाले, की डोंगरात ग्रीस पुरायचं नाही तेव्हा आम्ही डबलरोटी भिजवून कोंबायचो. ग्रीस फटीतनं पळतं, रोटी पळत नाही. डबलरोटी म्हणजे पाव. आता मळ्यातल्या घरात पाव कुठून येणार, आणि बाहेरून आणायचा नाही हा त्यांचाच नियम. मी तशी आठवण करून दिली. जरा खवचटपणेच दिली.

"पाव कशाला पायजे?" आबा उसळून म्हणाले. "भाकरी काय पावापरास कमी हाय? जा, फडक्यातली भाकरी आण."

मी आणली. आम्हा लोकांना भाकरीचा अभिमान इतका, की जे पावाला जमतं ते ज्वारीच्या भाकरीला जमलंच पाहिजे, यात आबांना शंका नव्हती आणि मलाही नव्हती. भाकरी भिजवून मी त्या भोकात ठासत होतो तेवढ्यात चुलती आली. माझ्या हातात हातोडा आणि भोकात आपण थापलेली भाकरी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आवं भावजी, अन्नावर हातोडा घालताय? काय म्हणायचं ह्याला?"

आबा ओशाळले, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणाले, "हाण रं तू."

मी हाणलं. आतला भाकरीचा लगदा गोळ्यांमधून पेजेसारखा गळून खाली आला. पुन्हा भरलं, पुन्हा गळालं. दुसरी भाकरी गेली, तिसरी गेली. उन्हं कलली. माझे दंड भरून आले होते आणि डोळ्यांत गंज गेला होता. वरून आबांचा आवाज येईना, म्हणून मी मान बाहेर काढली, तर पोतं रिकामं.

"ऱ्हाऊ दे," ते दारातून म्हणाले. "हारलो मी. हातपाय धू. मी कापडं घेतो."

मी पाटातून उठून घरापर्यंत गेलो. आबा खाटेवर त्यांची फौजेतली काळी पेटी उघडून बसले होते. डाव्या हातानं धोतराची घडी घालत होते. उजवा हात नुसता मदतीला धरलेला. घडी वाकडी पडली, की उलगडून पुन्हा घालत होते. फौजेतल्या माणसाची वाकडी घडी पेटीत जात नाही. मला बघून म्हणाले, "झालंच. धा मिन्टं."

मी ज्यासाठी आलो होतो ते पदरात पडलं होतं. रात्री जेवायला ते आमच्याकडे असणार होते, चुलतीची काळजी मिटणार होती, माझी झोप परत येणार होती. आणि मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की मी उंबऱ्यावरूनच मागं फिरलो. भोकातलं ते बेअरिंग मला दिसत होतं. चार गोळ्यांचा तो तुकडा माझ्या वडिलांना घराबाहेर काढणार होता आणि बावीस वर्षं लेथवर काढलेला कारागीर त्याच्यापुढे हात टेकून उभा होता. मला त्याचा भयंकर संताप आला.

चुलतीच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी विचारलं, "काकू, भाकरी गळती कशी गं? पाव न्हाई गळत."

"ज्वारीला कुठनं येणार चिवटपणा?" ती म्हणाली. "तवाच इचारलं असतंस तर सांगितलं असतं. वर माजं पीठ आठवड्याचं, विरी गेलेलं. थापतानाच तुटतंय त्ये." मग तिनं कोपऱ्यातल्या परातीवरचं झाकण काढलं. रोज भाकरी खाणाऱ्या त्या घरात पाहुण्यासाठी चपात्या होतात. पाहुणा म्हणजे मी. गव्हाची कणिक मळून, तेलाचा हात लावून मुरायला ठेवली होती. तिनं त्यातला मोठा गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला.

"आन हे अन्न न्हाई व्हय?" मी विचारलं.

"भाजल्यावर अन्न. अजून नुसतं पीठ-पाणी हाय," ती म्हणाली. हे शास्त्र तिनं तिथल्या तिथं काढलं याची मला खात्री आहे. मग हळूच म्हणाली, "मी फोन केला तवा लय घाबरले हुते रं. पर त्यास्नी कापडं भरताना मला बघवना."

मी पाटात पुन्हा आडवा झालो. कणिक बोटानं दाबून दाबून भरली, दांडा लावला आणि ठोका घातला. काही गळालं नाही. दांडा परत येतोय असं वाटलं, आतून कुणी रेटल्यासारखा. कणिक भरली, ठोका घातला. पुन्हा भरली. सहाव्या की सातव्या खेपेला बेअरिंगची कड केसभर पुढे आलेली दिसली. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी थांबलोच नाही. शेवटच्या ठोक्याला बेअरिंग माझ्या छातीवर पडलं, मागोमाग कणकेचा लांबोळका लोळ.

आबा कधी येऊन पाटाच्या कडेला उभे राहिले होते, मला कळलं नाही. त्यांनी ते बेअरिंग हातात घेतलं, पुसलं, बघितलं. "नवं बसवताना भाईरच्या कडीवर ठोक," एवढंच म्हणाले. "आतल्या कडीवर मारशील तर आजच मरंल." मी भोक लख्ख पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं, पाईपच्या तुकड्यानं हलके ठोकत नवं बसवलं. गिअरबॉक्स वर चढवताना चुलतीनंसुद्धा जॅकचा दांडा मारला.

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता तेव्हा आबांनी जीप चालू केली. क्लच दाबला. आवाज नाही. पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. त्यांनी मळ्याला एक फेरी मारली, परत येऊन जीप दारात लावली आणि खाली उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. एरवी ते तसा घेत नाहीत.

"पुढच्या रविवारी न्हाणीत धरायला दांडा बसवायला येतो," मी म्हणालो.

"बसव," आबा म्हणाले. "आता उजेड हाय तवर नीघ."

तासगावच्या अलीकडे बायकोचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली.

"निघालात का? आबांना काय करू जेवायला?"

"आबा येत नाहीत."

"का? जीप झाली की काय?"

"झाली. बेअरिंग निघालं."

"कुणी काढलं?"

"मीच."

मग म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना आणायला गेला होता ना? मग तुम्ही कशाला काढलंत?"

मी स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघितलं. नखांत कणिक होती. ते पुन्हा पडले तर, हा विचार मनातून गेला नव्हता. तो आजही जात नाही. पण तिला द्यायला माझ्याकडे एकच उत्तर होतं.

"निघत नव्हतं म्हणून," मी म्हणालो.