अर्धलीचा प्रोग्राम

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला असतील. चौथीनंतर माझी शाळा सुटली. कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहायचं धाडस झालं. तरी कोणाच्या हाती हे लागलंच, तर सांभाळून घ्यावं.

माझ्या मुलीनं हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि जुना का होईना, कॉम्प्युटर घरी पाहिजेच म्हणून बसली. आमचे मालक मेंढरं घेऊन लांब गेले होते. मला कोणापुढं बोलायचं म्हणजे घाम फुटतो, तरी धाकट्या भावाकडं गेले. त्यानं पैसे दिले. म्हणाला, "आक्का, दिवाळीपर्यंत फेड. न्हाईतर ते डबडं मी उचलून नेतो, अन् पोरीसाठी पाहुणे पाहतो." हसत म्हणाला, पण तो बोलेल ते करायचा.

हळदीच्या एका आडतीवर मुलीला काम मिळालं. पोत्यांची वजनं भरली की बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, छापून निघावी, असा प्रोग्राम पाहिजे होता. पट्टी छापायच्या ठिकाणी ती अडली. मग एक दिवस नेटकॅफेतून फ्लॉपी घेऊन उड्या मारतच आली. दूरदेशीच्या कोण्या माणसानं घरच्या बटाट्याची वजनं छापायला हौसेनं लिहून नेटवर ठेवलं होतं, ते तिला सापडलं. तिनं बटाट्याची हळद केली आणि काम जमलं.

मी विचारलं, "म्हंजे ते त्या माणसाचं हाये?"

"व्हय."

"मग निम्मे पैसे त्याचे."

"काहून?"

आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. शेळी मालकाची, सांभाळणारा दुसरा, आणि झालेली पिल्लं निम्मी-निम्मी. कागद कोणी करत नाही, पण हिस्सा बुडवला तर पुन्हा कोणी दारात शेळी बांधत नाही. माझ्या दावणीच्या दोन शेळ्या अशाच होत्या. मला दुसरा हिशेब माहीत नव्हता.

"अगं माय, त्यानं फुकट सोडलंय सगळ्यांसाठी."

"फुकट शेळी कोन सोडतं? सुटलेली दिसली तर हरवलेली असंल."

आडतवाल्यानं पैसे दिले. भावाचं सगळं फिटलं असतं, पण मी निम्मे डाळीच्या डब्यात ठेवले आणि निम्मेच त्याला दिले. तो म्हणाला, "येवढेच? दिवाळी आली की आक्का." मी पदर सावरत परत आले. मुलीला राग आला. मग म्हणाली, "तुझ्या इमानापायी माझा कॉम्प्युटर जाऊन राहिला. थांब, त्यालाच विचारते."

एसटीनं हिंगोलीला जाऊन तिनं त्या माणसाला लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, ते तिनं मला मराठीत सांगितलं. हळदीची पोती भरतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपला प्रोग्राम इतक्या लांब आला म्हणून त्याला फार आनंद झाला होता. पैसे नकोत म्हणाला. तुम्ही त्यात नवीन काही घातलं असेल तर तेही तिथंच ठेवा, दुसऱ्या कोणाला लागेल.

नवीन म्हणजे बारदान वजा करायचं, ते मुलीनं स्वतः लिहिलं होतं. पुढच्या खेपेला जाऊन तिनं तेवढं तिथं ठेवलं. वर त्याचं नाव तसंच राहू दिलं.

"म्हंजे पिल्लू दिलं म्हन की," मी म्हणाले.

"दिलं, माय. आता तरी डबा उघड."

त्या माणसाचं तोंड मी पाहिलं नाही, त्याची भाषा मला येत नाही. माझ्या लेकीची अडचण त्याला माहीतही नव्हती, आणि त्याच्याच कामानं ती सुटली. नंतर कांदे भरणाऱ्या कोणीतरी बारदानाच्या त्या चार ओळी घेतल्या आणि आभार कळवले. मुलीनं ते मला पुन्हापुन्हा वाचून दाखवलं. दिवा लावताना मी त्या दोघांसाठीही हात जोडते.

दिवाळीच्या आधी मी डबा घेऊनच भावाकडं गेले. नोटांना डाळीचा भुगा लागला होता, तो त्यानं फुंकून काढला. मोजून झाल्यावर म्हणाला, "फिटले सगळे, आक्का. बस, च्या घे."