घाण्याच्या बैलाशी बोललेलं

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे चौपन्न साल, म्हणजे आताच्या हिशोबानं एकोणीसशे पंचेचाळीस. मी एकवीस वर्षांचा होतो. मुखेडात आमचा करडीच्या तेलाचा घाणा. माझं शिक्षण सरकारी मदरशात उर्दू दुसरी, तेव्हा लिहिण्याला हसू नका.

आजकालची पोरं म्हणतात, भांडणानं संसार मोडतो. मला ते पटत न्हाई. माझा पहिला संसार मोडला तेव्हा घरात एकदाही भांडण झालं नव्हतं.

आमच्यात तेव्हा रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं न्हाई. आणि घर असं, की वडीलधारं माणूस नाही असा कोपराच नव्हता. मग बायकोनं वाट काढली. ती देगलूरची, बोलण्यात मधूनच तेलुगू. ती घाण्याच्या बैलाशी बोलायची. मी घाण्याच्या लाकडावर बसलेलो, माझे वडील, अप्पा, ओसरीवर. ती पेंड गोळा करता करता म्हणायची, "बैलोबा, सकाळपासून फिरून राहिलास, दोन घास खाऊन घे की." मी उठून जेवायला जायचो. परत आलो की मी बैलाला सांगायचो, "आज आमटी लई झकास झाली व्हती बाबा." ती पदर तोंडाला लावायची. अप्पांना सगळं कळायचं, पण बैलाशी बोलायला कुणाची बंदी असणार?

नागपंचमीला ती माहेरी गेली, ती पोळा होऊन गेल्यावर आली. अप्पांनी तोंड वाकडं केलं. ती बैलाला म्हणाली, "काय करू रे, आई तापानं फणफणली व्हती."

"आता बरं हाय का त्यांना?" एवढं मी बैलाला विचारलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, हिनं आधी सांगावा का धाडला न्हाई? तिला वाटलं असेल, हा विचारत का न्हाई? दोघंही वाट बघत बसलो, आणि वाट बघता बघता जिभा कडू झाल्या.

मग बैलाच्या कानात टोमणे जायला लागले. "बैलोबा, तू तरी मान हलवतोस. इथं काही जणांची मान जाम झाली हाय." तेलाला आलेली गिऱ्हाइकं हसायची. एकदा बरीच माणसं जमलेली असताना मीही बोललो, "काय रे, देगलूरचं पाणी लागलं का तुला? तेलुगूत हंबरून राहिलास."

लोक खो खो हसले. त्या दिवसापासून तिनं बैलाशीही बोलणं सोडलं. ताट वेळेवर यायचं, अंघोळीचं पाणी गरम असायचं. शेजारणी म्हणायच्या, सून किती गरीब झाली. मीही तेच समजून चाललो होतो.

कार्तिकात तिचा भाऊ गाडी घेऊन आला. किती दिवसांसाठी नेतोय, ते त्यानं सांगितलं न्हाई आणि कुणी विचारलं न्हाई. अप्पा म्हणाले, "न्या." दुपारची वेळ. ती बोचकं घेऊन बाहेर आली आणि बैलापाशी थांबली.

"बैलोबा, कुणी थांब म्हणलं तर मी थांबंन."

सगळ्यांनी ऐकलं. अप्पा खाकरले. बापासमोर बायकोची मनधरणी करायची म्हणजे बाजारभर इज्जत जाणार, असं तेव्हाचं आमचं डोकं. ती जरा वेळ उभी राहिली. मग गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी कुणाला न सांगता देगलूरची वाट धरली. वाटेतल्या मठात त्यांचा मुक्काम होता. मेव्हणा गाडी जुंपत होता. "या की दाजी," म्हणाला, आणि शहाण्यासारखा विहिरीकडं निघून गेला.

मी तिच्याकडं बघून म्हणालो, "चल घरी." उजेडात, तोंडावर, पहिल्यांदाच.

ती रागावली न्हाई. म्हणाली, "हे काल म्हणायचं व्हतं तुम्ही. इथं कोण हाय ऐकायला?"

"चल, तिथं सगळ्यांसमोर म्हणतो," हे माझ्या ओठावर आलं होतं. चूक कुणाची, ते मी आजही सांगणार न्हाई. पण तिचा आवाज लई थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला किती ओढायचं? तिचं बोचकं खाली पडलं होतं. मी ते उचलून गाडीत ठेवलं, तिला बसायला कडबा सारखा करून दिला आणि मुखेडच्या वाटेला लागलो.