चार बोटांचा उंबरठा

उत्तरेकडच्या लष्कर नावाच्या शहरातल्या मराठी शाळेत सदाशिवराव मास्तर पंचवीस वर्षं एक शब्द फार चवीनं शिकवत. अभेद्य! "ज्यातून आत शिरताच येत नाही ते अभेद्य. तटबंदी म्हणा, कवच म्हणा. पण दाराला अभेद्य म्हणाल तर कान उपटीन. दाराला कडी असते, कडी निघते." शब्द चुकीच्या जागी बसला की मास्तरांना जेवण जात नसे. घरी मात्र बायकोच्या, अनसूयाबाईंच्या, सोवळ्यापुढे त्यांची मास्तरकी चालत नसे.

वडिलांच्या श्राद्धाला पत्रावळी कमी पडल्या, म्हणून मास्तर पाटणकर बाजारात धावले. परत येतात तो कामवाली सुखिया स्वयंपाकघराबाहेर उभी राहून ओरडतेय, "मास्साब, बाईजी गिर पड़ीं! मैं अंदर जाऊँ?"

दार सताड उघडं होतं. चुलीपाशी अनसूयाबाई कुशीवर पडल्या होत्या. उजवा हात जरासा उचललेला.

"रुक जा!" मास्तर ओरडले. "श्राद्ध का खाना है, छूना मत. उपासानं भोवळ आली असेल. मी आंघोळ करून आलोच गं!"

बाजारातून आलेले, म्हणजे तेही ओवळेच. तो हात पुन्हा हलला. मास्तरांना वाटलं, 'येऊ नका' म्हणतेय. सोवळ्याच्या बाबतीत ती दुसरं काय म्हणणार? विहिरीवर जाऊन त्यांनी दोन बादल्या अंगावर ओतल्या आणि ओलेत्यानंच आत शिरले. बाईंचं कपाळ कोमट होतं. श्वास नव्हता.

अहो, चार बोटं उंचीचा उंबरठा! पोर रांगत ओलांडेल असा! सुखिया डोळे फाडून बाईंकडे नव्हे, मास्तरांकडे बघत होती.

चौदाव्या दिवशी मास्तर शाळेत गेले. फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि पाठमोरेच म्हणाले, "उदाहरण लिहून घ्या. दार. कडी नसलेलं, उघडं दार."

वर्ग चाट पडला. हे तर मास्तरांच्याच शिकवणीविरुद्ध! शेवटच्या बाकावरच्या मधुसूदननं भीतभीत, अर्धवटच, हात वर केला.

मास्तर वळले. हात दिसताच त्यांच्या हातून खडू गळला.

"आलो!" ते ओरडले, आणि बाकांना ठेचकाळत त्या हाताकडे धावत सुटले. "आलो गं, आलो!"