सिंधुदुर्ग ते पुणे, डबाभर सुरंगी

मुलांनो, सिंधुदुर्गहून पुण्याला येताना विमानात माझ्या शेजारी एक बाई मांडीवर स्टीलचा डबा धरून बसल्या होत्या. त्यात पहाटे झाडावरून काढलेल्या सुरंगीच्या कळ्या होत्या.

"माझी थोरली भयण, आक्का, पुण्याक आजारान पडून आसा," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून तिनां ताजी सुरंगी बघूक नाय. रात्रीच्या येष्टीन नेलली फुलां काळी पडतत."

वैमानिकाने अंतर सांगितले, वेळ सांगितली. खाली सह्याद्री निमूटपणे मागे सरकत होता. फूल उमलण्याआधी बहिणीला बहिणीच्या गावी पोचवणाऱ्या त्या लहानशा विमानाचे मला फार कौतुक वाटले.

चाके टेकताच बाईंनी झाकण किलकिले केले. कळ्या अजून मिटलेल्याच होत्या.

"बरां झाला," त्या हसल्या. "आता आक्काच्या उशाकच फुलतल्यो."