चिपावालीचा पिवळा रुमाल

देओलिंदामावशीचे पाय दोन कामांनी झिजले, एक चिपा विकून आणि दुसरं पक्षासाठी मतं मागून. सकाळी चीज घातलेल्या गरमागरम चिपा-पावांची टोपली घेऊन असुन्सिओन शहराच्या बसमध्ये चढायचं, आणि संध्याकाळी गळ्यात पक्षाचा पिवळा रुमाल बांधून एकेका फाटकाशी, कडी वाजवावी तशी टाळी वाजवायची. आतून "कोण?" आलं की ठरलेलं उत्तर, "पक्षाची देओलिंदा!" नवरा गेला तेव्हा त्याच्या शवपेटीवरही तिनं पिवळाच झेंडा घातला होता. वस्ती उमेदवाराला नव्हे, मावशीच्या शब्दाला मत द्यायची. गाठीला तेवढा शब्दच होता बिचारीच्या.

त्या शब्दाची माती केली एवेलियो वकिलानं. हा पक्षाचा महापौरपदाचा उमेदवार. मतदान तोंडावर आलेलं, रेडिओवर कुणी त्याला तसलं काही विचारलंही नव्हतं, तरी गडी बोलून गेला, "आपल्या बायकांनी चिपा विकण्यात जन्म काढला, म्हणून तर या गावाची अक्कल टोपलीएवढीच राहिली!" मेल्याच्या जिभेला काही हाड?

मावशी तेव्हा बसमध्येच होती. हातात टोपली, गळ्यात रुमाल. ड्रायव्हरनं हळूच रेडिओ बारीक केला, पण सगळ्यांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

"मावशी, अक्कल केवढ्याला दिली?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी बस हसली. मावशी पुढच्या थांब्यावर उतरली.

त्या संध्याकाळी टाळ्या वाजवून हात दुखले, पण एक फाटक उघडेना. कुत्री तेवढी भुंकत होती. शेजारची फेलिसिता खिडकीतूनच फणकारली, "त्या मुडद्यासाठी मत मागायला आलीस? माझ्या आईनं चिपा विकूनच आम्हाला वाढवलं. आणि तू गं? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

"माफी मागेल तो," मावशी म्हणाली. "रविवारी माझ्या अंगणात या. माझ्या शब्दाखातर."

"येते. पण तुझा हा शेवटचा शब्द हं."

रविवारी झाडून सगळे आले. आंब्याखाली खुर्च्या मांडून मावशी तेरेरे, म्हणजे तिथला गार चहा, द्यायला बसली. पाला भरलेला शिंगाचा एकच पेला, त्यात एकच नळी. मावशीनं बर्फाचं पाणी ओतायचं, ज्याची पाळी त्यानं ओढायचं. परत देताना गप्प राहिलं तर आणखी हवंय. "धन्यवाद" म्हटलं की संपलं, त्याला पुन्हा पेला नाही. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

पहिला पेला पाहुण्याला. वकीलसाहेबांनी तो ओढला, मुकाट्यानं परत दिला आणि घसा साफ केला. "लोकहो, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. मी या मावशीला बोलेन का? ही बाई कष्टाळू आहे. मी बाकीच्यांबद्दल बोललो!"

अरे देवा! बाकीच्या सगळ्या समोरच बसल्या होत्या.

पेला फेलिसिताकडे गेला. तिनं तो संपवून परत दिला. "धन्यवाद." तिच्या शेजारणीनंही तेच केलं. मग म्हाताऱ्या सुतारानं. पेला फिरत राहिला, कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकेक जण धन्यवाद म्हणत खुर्ची सरकवून उठला.

वकीलसाहेब एकटे उरले. घाम पुसत त्यांनी हात पुढे केला. "ओता, मावशी. तुम्ही तरी आमच्याच ना?"

थर्मासात पाणी होतं, बर्फही होता. दमली होती ती मावशी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या जिभेची जामीन राहून पार दमली होती. तिनं थर्मासचं झाकण लावलं.

"धन्यवाद, साहेब."

पक्ष सपाटून आपटला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मावशी टोपली घेऊन फेलिसिताच्या फाटकाशी उभी राहिली. गळ्यात रुमाल नव्हता. तिनं टाळी वाजवली.

"कोण?"

ओठांवर आलेलं जुनं उत्तर तिनं गिळलं.

"मी गं. चिपावाली."

आतून कडी निघाली.