बनियनमधली पदवी

दिवे मालवणं हा बाबांचा स्वभावही होता आणि व्यायामही. आई न्हाणीघरात असली तरी ते जाता जाता बटण दाबत. आतून उद्धार झाला की म्हणत, "खोलीत माणूस असेल तर दिवा जळू दे, पण माणसाने आवाज तरी द्यावा!"

अशा माणसाच्या पोटी दिवे बनवणारी मुलगी आली. बाबा तिला लाडाने दिवटी म्हणत. प्रयोगशाळेत ती कार्बनचे असे पदार्थ बनवी, जे वीज दिली की उजळतात. "शेजारच्या टेबलावरचे उजेड खाऊन वीज देतात," ती सांगे.

"मग दोघांना समोरासमोर बसवा की. बिलच यायचं नाही!"

दिवटी कपाळावर हात मारून घेई.

एकदा चंबू तडकला आणि वर्षभर खपून केलेला चिमूटभर पिवळा पदार्थ द्रावणासकट तिच्या कोटावर सांडला. प्रयोगशाळेत असं सांडलेलं टाकत नाहीत. कापड द्रावकात उकळून पदार्थ परत काढतात. उकळायचं भांडं दुसऱ्या दिवशी मिळणार होतं, म्हणून कोट पिशवीत घालून तिने घरी आणला. आईला डाग दिसला. आईने कोट धुतला, बाबांच्या कपड्यांबरोबर.

दिवटीने खिडक्या झाकल्या आणि जांभळी बॅटरी मारली; तिच्या उजेडात तो पदार्थ हिरवा चमके. साबणातल्या चमकेने कोट, चादरी, सगळं निळं. हिरवा ठिपकाही नाही. तिने बॅटरी पुन्हा एकदा सगळ्यावरून फिरवली. "गेली माझी पदवी."

"अंधारात काय चाललंय?" म्हणत बाबा आत आले. त्यांची छाती हिरवीगार पेटलेली.

"बाबा, हलू नका!"

"का? पाल आहे?"

"तुमच्या बनियनवर माझी पदवी आहे!"

फोनवर प्रयोगशाळेतले तिचे सर गंभीरपणे म्हणाले, "काढू नका, भुकटी झडेल. ऊन लागू देऊ नका, घाम येऊ देऊ नका. आहे तसं घेऊन या."

"आहे तसं म्हणजे... मला?" बाबांनी विचारलं.

टॅक्सीत त्यांच्यावर छत्री धरलेली, आई वहीने वारा घालतेय. "जरा कमी श्वास घ्या हो," ती काकुळतीने म्हणाली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

प्रयोगशाळेत बनियन अंगावरच कात्रीने कापून काढलं. चिंध्या उकळल्या आणि निम्मा पदार्थ हाती लागला. पुढच्या आठवड्यात त्यातून नखाएवढा दिवा तयार झाला. तो न विझवता किती टिकतो, यावर आता पदवी अडली होती.

तो बघायला आईबाबाही आले. "एवढासाच?" बाबा म्हणाले. पण वाकून बराच वेळ बघत राहिले.

मग दिवटी आईला घेऊन जेवायला गेली. "मला भूक नाही," बाबा म्हणाले होते. पहिलाच घास तोंडात घालताना दोघींना एकदमच आठवलं, आपण बटणापाशी कुणाला ठेवून आलोय ते. ताटं तशीच टाकून दोघी धापा टाकत परत आल्या.

खोलीतले वरचे सगळे दिवे बंद होते. टेबलावर तेवढा हिरवा ठिपका जळत होता आणि त्याच्यासमोर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, बाबा स्टुलावर बसले होते.

"जेवा तुम्ही सावकाश," ते म्हणाले. "खोलीत माणूस आहे."